गर्भपिशवीतला पडदा काढल्यानंतर दिवस राहणं : किती थांबायचं, काय तपासायचं, सिझरच का?

चांदणवेल

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण हा विषय घरात धड बोलता येत नाही आणि बाहेर तर नाहीच, म्हणून धागा काढतेय. आधी असा धागा असेल तर दुवा द्या, हा उडवला तरी चालेल.

वय ३१, मुक्काम नाशिक. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा ठोके दिसले आणि मग थांबले. पहिल्या वेळी सगळे म्हणाले, होतं असं, पुढच्या वेळी होईल नीट. दुसऱ्या वेळेनंतर थ्रीडी सोनोग्राफी केली तेव्हा कळलं की गर्भपिशवीत जन्मापासूनच वरून खाली आलेला पडदा आहे. रिपोर्टमध्ये 'पार्शल सेप्टेट युटेरस', पडदा १८ मिमी. साध्या सोनोग्राफ्या आधी कितीतरी झाल्या होत्या, एकाही रिपोर्टात हे नव्हतं! दुर्बिणीतून पडदा काढला. पोटावर टाका नाही की काही नाही, संध्याकाळी घरी. मग इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या, त्यानंतर पाळ्या नियमित येताहेत.

आता घोळ असा. ऑपरेशन केलं त्या डॉक्टर म्हणतात, आता प्रयत्न करायला हरकत नाही. घराजवळ जिथे नाव घालायचा विचार आहे तिथल्या डॉक्टरांनी फाइल उघडण्याआधीच सांगून टाकलं की पिशवीचं ऑपरेशन झालंय म्हणजे सिझरच, आणि चौथ्या महिन्यात पिशवीच्या तोंडाला टाका. सासूबाईंचं म्हणणं, वर्षभर थांबा, आत जखम आहे. आईचं म्हणणं, दिवस राहिले की तिसरा महिना संपेपर्यंत पलंगावरून उतरायचं नाही. नवरा म्हणतो, तू सांगशील तसं. (याचा काय उपयोग, सांगा.)

कुणी या वाटेने गेलं असेल तर लिहा. खाजगी वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

अबोली०७

अगं, माझाही पडदाच. मी चिपळूणची, ऑपरेशन मुंबईला झालं. पडदा काढल्यावर पुन्हा आतल्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मला आत छोटा फुगा ठेवला होता, त्याची नळी मांडीला चिकटपट्टीने लावलेली. तेवढे दिवस फार कंटाळवाणे गेले, बाकी त्रास म्हणशील तर पाळीत दुखतं तेवढाच. नंतरची पहिली पाळी अगदीच जेमतेम आली, तेव्हा डॉक्टरांनी लगेच पुन्हा दुर्बीण घालून बघितलं. थोडं चिकटलं होतं, तिथल्या तिथे सोडवलं. तुझी पाळी पहिल्यासारखी येतेय ही चांगली गोष्ट आहे.

मुलगी झाली, नॉर्मल. टाका नाही. आता शाळेत जाते आणि माझं डोकं खाते.

कुंतल

चांदणवेल, सासूबाईंना म्हणावं वर्षभर तुम्ही थांबा :) हलके घ्या.

डॉ_बाभूळ

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस करते. तुमचे कागद माझ्यासमोर नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण लिहिते आहे. तुमच्यापुरता निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

आधी हे होतं कसं ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मुलगी आईच्या पोटात वाढत असताना तिच्या शरीरात सुरुवातीला दोन नळ्या असतात, उजवी आणि डावी. त्यांना म्यूलेरियन नळ्या म्हणतात; जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८३० मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून हे नाव. या नळ्या मधोमध येऊन जोडल्या जातात आणि मग जोडाची मधली भिंत विरघळून एकच पोकळी तयार होते. हे सगळं आईच्या पोटातच, विसाव्या आठवड्याच्या आसपास पुरं होतं. नळ्या जोडल्या पण मधली भिंत विरघळली नाही, तर पडदा राहतो. नळ्या वरच्या बाजूला जोडल्याच गेल्या नाहीत, तर दोन शिंगांची पिशवी. अजिबात जोडल्या नाहीत, तर दोन स्वतंत्र पिशव्या. आणि एकच नळी वाढली, तर एका शिंगाची. यात आईने गरोदरपणी काय खाल्लं, कुठलं ग्रहण पाळलं नाही, याचा काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण ओपीडीत मुलीबरोबर आलेल्या आया हाच प्रश्न विचारतात, तोही मुलगी बाहेर गेल्यावर हळूच.

आता ऑपरेशन. दोन खोल्यांमधली भिंत पाडणं वेगळं आणि दोन स्वतंत्र घरं जोडून एक करणं वेगळं. पडदा काढताना फक्त आतली भिंत कापतात, पिशवीचं बाहेरचं आवरण शाबूत राहतं. सिझरच्या वेळी पिशवी आरपार कापून शिवतात, तसा व्रण इथे नसतो. म्हणून निव्वळ पडदा काढला एवढ्या कारणाने सिझर लागत नाही. नॉर्मलची वाट बघता येते.

अपवाद आहेत. पडदा काढताना भिंतीला भोक पडलं असेल, फार खोलवर कापलं गेलं असेल, विजेच्या उपकरणाने स्नायू जास्त भाजला असेल, तर पुढच्या गरोदरपणात पिशवी फाटल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. विरळा आहेत, पण आहेत. म्हणून चांदणवेल, डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या : कशाने कापलं (कात्रीने की करंटने), बरोबर पोटातून दुर्बीण किंवा सोनोग्राफीची नजर होती का, भोक पडलं का, पडदा किती उरला. १ सेंटिमीटरपेक्षा कमी उरला असेल तर सहसा पुन्हा काही करत नाहीत. व्हिडिओ दिला असेल तर तोही जपून ठेवा.

किती थांबायचं? आतलं अस्तर साधारण दोन महिन्यांत भरून येतं. त्यानंतर तपासणीत पोकळी नीट दिसली तर थांबण्याने काही फायदा होत नाही. वर्षभर थांबण्याला आधार नाही.

टाका सरसकट नको. पिशवीचं तोंड आखूड होतंय का हे योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत मोजता येतं. १६ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान ते मोजत राहायचं. २५ मिमीच्या खाली गेलं तर प्रोजेस्टेरॉन किंवा टाक्याचा विचार. ज्यांचा आधी चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा न येताच गर्भपात झाला आहे त्यांचा हिशोब वेगळा.

आणि पलंग. तीन महिने झोपून राहिल्याने गर्भ टिकतो असं कुठल्याही चांगल्या अभ्यासात दिसलेलं नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. आईला माझ्यातर्फे सांगा.

चांदणवेल

डॉक्टर, मनापासून आभार. ऑपरेशनची नोंद मागायची असते हेच माहीत नव्हतं. उद्या फोन करते.

उंबरठा

डॉ_बाभूळ यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

त्रिज्या

एक वेगळा सूर लावतो. पुरुष आहे, डॉक्टर नाही, पण घरी हाच प्रश्न होता म्हणून बरंच वाचलं.

पडदा काढला की मूल होतं, असं सगळीकडे गृहीत धरतात. याची नीट चाचणी फार उशिरा झाली. नेदरलँड्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने काही देशांत मिळून एक यादृच्छिक चाचणी (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतात ती) झाली, 'ट्रस्ट' नावाची. निकाल २०२१ मध्ये आला. ८० स्त्रिया. निम्म्यांचा पडदा काढला, निम्म्यांचा तसाच ठेवला. काढलेल्यांत ३१ टक्क्यांना जिवंत मूल झालं, न काढलेल्यांत ३५ टक्क्यांना. म्हणजे ऑपरेशनचा फायदा दिसला नाही. आमच्या डॉक्टरांना हे विचारलं तर ते म्हणाले, इंटरनेट वाचू नका.

चांदणवेल यांचं ऑपरेशन झालंय, त्यांना घाबरवायचं नाही. पण धागा पुढे इतर जणी वाचतील, त्यांनी 'पडदा दिसला की कापा' असं करू नये म्हणून लिहिलं.

डॉ_बाभूळ

त्रिज्या, आकडे बरोबर आहेत आणि ते डॉक्टरांना विचारलेत हेही बरोबर केलंत. पण त्या चाचणीत ८० जणी गोळा व्हायला २०१० ते २०१८ एवढा काळ लागला. त्यात वारंवार गर्भपात झालेल्या होत्या, दिवसच न राहिलेल्या होत्या, वेळेआधी बाळंत झालेल्याही होत्या. इतक्या छोट्या, मिसळलेल्या गटावरून 'उपयोग नाही' असं ठाम म्हणता येत नाही. 'उपयोग आहे' असंही नाही. आधीचे जे अभ्यास ऑपरेशनच्या बाजूने बोलतात त्यांतले बहुतेक 'ऑपरेशनच्या आधी आणि नंतर' अशी तुलना करतात. दोन गर्भपात झालेल्या बाईला पुढच्या वेळी काहीही न करता मूल होण्याची शक्यताही चांगलीच असते, ती त्यात ऑपरेशनच्या खात्यावर जमा होते.

माझं स्वतःचं मत : गर्भपात झालेले आहेत, पडदा मोठा आहे, बाकीची कारणं तपासून झाली आहेत, तर मी ऑपरेशन सुचवते, आणि वरचे आकडे सांगून सुचवते. पडदा दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडला आणि बाईला काहीच त्रास नाही, तर मी दुर्बीण उचलत नाही.

त्रिज्या

हे मान्य. आम्हाला एवढं कुणी सांगितलं असतं तर पुरलं असतं.

सातपुडा

बाकीची कारणं म्हणजे कोणती? चांदणवेलने ती तपासून घेतली आहेत का? आमच्याकडे जळगावला एकदा पडदा दिसला की सगळं खापर त्याच्यावरच फुटतं.

डॉ_बाभूळ

चांगला प्रश्न. पहिल्या तीन महिन्यांतले जवळजवळ निम्मे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांमधल्या चुकीने होतात, पिशवीचा दोष नसतो. त्यामुळे पुन्हा गर्भपात झालाच तर पडलेल्या गर्भाची गुणसूत्र तपासणी करता येते, डी अँड सी (पिशवी आतून साफ करणं) करण्याच्या आधी विचारा. बाकी थायरॉइड, साखर, आणि रक्ताच्या गुठळ्या व्हायला कारण ठरणारी अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं. ती एकदा पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी परत करायची, एका रिपोर्टवर निदान करायचं नाही. मी रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं उगीचच चालू असलेल्या कितीतरी बायका बघते.

सह्याद्रीची_लेक

माझं प्रकरण वेगळं आहे, पण याच घरातलं. माझी पिशवी एका शिंगाची. दुसरं शिंग अर्धवट वाढलेलं, मूळ पोकळीला न जोडलेलं, आणि त्यात अस्तर असल्यामुळे दर महिन्याला आत रक्त साठायचं. कॉलेजात असताना पाळीच्या दिवसांत मी जमिनीवर लोळायची. घरचे म्हणायचे, लग्न झालं की थांबेल. शेवटी एमआरआयमध्ये कळलं, आणि त्याच एमआरआयमध्ये हेही कळलं की त्या बाजूची किडनीच नाही. किडनी आणि पिशवी एकाच सुमारास, शेजारी शेजारी घडतात म्हणे, म्हणून हे जोडीने सापडतं. तेव्हा बायांनो, कुणालाही पिशवीचा असा दोष निघाला तर किडनीची सोनोग्राफी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

पोटातून दुर्बिणीने ते अर्धवट शिंग काढलं. तिथे गर्भ राहिला तर ते फुटून जीवावर बेततं, म्हणून काढावंच लागतं असं डॉक्टर म्हणाले. मूळ शिंग मात्र आहे तेवढंच, ते मोठं करता येत नाही.

दिवस राहिले. जागा कमी, त्यामुळे बाळ पायाळू, फिरायला वावच नाही. ३१ व्या आठवड्यात पोट कडक व्हायला लागलं तेव्हा बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. ३४ व्या आठवड्यात पाणी गेलं आणि सिझर झालं. बाळ काचेच्या पेटीत होतं. मी दूध काढून वाटीत नेऊन द्यायची, आणि तिथली सिस्टर चमच्याने थेंब थेंब पाजायची. पाच मिली संपायला अर्धा तास. मुलगा आता क्रिकेट खेळतो.

अबोली०७

ते वाटी-चमच्याचं वाचून डोळ्यांत पाणी आलं.

मीनाक्षी_काकू

मी ६८ वर्षांची, इथली बहुतेक सर्वांत जुनी. आमच्या वेळी हे सगळं पोट उघडून करत. माझ्या धाकट्या बहिणीची पिशवी दोन शिंगांची होती, चार वेळा गर्भ पडला होता. मोठ्या हॉस्पिटलात पोट उघडून दोन्ही शिंगं मधून चिरून एकत्र शिवली. ऑपरेशनचं नाव अजून लक्षात आहे, स्ट्रासमन. तिला दोन मुलं झाली, दोन्ही सिझर. पण ऑपरेशननंतर ती महिनाभर वाकून चालत होती हेही आठवतं.

डॉ_बाभूळ

काकू, बरोबर आठवतंय तुम्हाला. पाउल स्ट्रासमन या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ते ओळखलं जातं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचं. त्यात पिशवी आरपार कापून शिवली जाते, त्यामुळे पुढे सिझर हाच नियम, आणि कळा सुरू व्हायच्या आधीच. चांदणवेलच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात बहुधा हेच ऑपरेशन असावं. आता ते फार क्वचित करतात, कारण दोन शिंगांची पिशवी असलेल्या बऱ्याच जणींची गरोदरपणं नुसत्या देखरेखीवर पार पडतात.

गारवेल

मग माझी गोष्ट लिहितेच. नळ्यांची तपासणी केली, ती डाय टाकून एक्स-रे काढतात ती. रिपोर्ट : 'बायकॉर्न्युएट', दोन शिंगांची पिशवी. सल्ला : काहीही करता येणार नाही, नशिबावर सोडा. दोन वर्षं आम्ही नशिबावर सोडलं. मग नणंदेच्या ओळखीने दुसऱ्या शहरात थ्रीडी सोनोग्राफी आणि एमआरआय केला, तर पिशवी वरून एकदम गोल, सपाट! शिंगं नाहीतच. आतून पडदा, तोही बराच खाली आलेला.

एक्स-रेमध्ये फक्त आतली पोकळी दिसते, बाहेरचा आकार दिसतच नाही. त्यामुळे पडदा आणि दोन शिंगं दोन्ही सारखीच दिसतात, इंग्रजी व्ही सारखी. हे त्या पहिल्या ठिकाणी कुणी बोललं नाही, माझा राग त्याचाच आहे. नाव लिहीत नाही, धागा उडेल.

माझं ऑपरेशन झालं, सध्या सहावा चालू आहे. बाकी नंतर.

डॉ_बाभूळ

गारवेल यांचा अनुभव ज्यांना ऑपरेशन करायचं आहे त्यांनी दोनदा वाचा. बाहेरचा आकार बघितल्याशिवाय कुणी पडदा कापू नये. दोन शिंगांची पिशवी पडदा समजून आतून कापली तर कात्री थेट पोटात जाईल.

आणि रिपोर्टमधल्या शब्दांवर फार जाऊ नका. नेमका किती खोल पडदा म्हणजे 'पडदा', यावर जगात एकमत नाही. युरोपच्या २०१३ च्या व्याख्येत भिंतीच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक आत आला की पडदा. अमेरिकेच्या २०१६ च्या व्याख्येत दीड सेंटिमीटरपेक्षा खोल आणि कोन ९० अंशांपेक्षा कमी हवा; २०२१ मध्ये त्यांनीच दीडचा एक केला. म्हणजे तीच पिशवी एका नियमाने सदोष आणि दुसऱ्याने सामान्य. ८ मिमीचा खळगा दाखवून कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसरं मत घ्या.

निसर्गमित्र

एवढ्या चिरफाडीची गरजच नाही. आमच्याकडे एक वैदूबाबा आहेत, पोट चोळून पिशवी सरळ करतात आणि मुळी देतात. पडदा आपोआप विरघळतो. नंबर हवा असेल तर व्यनि करा.

कुंतल

घ्या, आलेच.

सह्याद्रीची_लेक

निसर्गमित्र, जो पडदा विसाव्या आठवड्यात आईच्या पोटात विरघळला नाही तो तुमच्या मुळीने एकतिसाव्या वर्षी विरघळणार? आणि दिवस राहिलेले असताना कुणी पोट चोळून घेतलं तर जबाबदारी कोण घेणार?

व्यवस्थापक

निसर्गमित्र, नंबर व्यनितूनही देऊ नका. औषधं, वैदू, दवाखाने यांची जाहिरात इथे चालणार नाही. धागा विषयावर ठेवा.

आकडेमोड

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. विमा क्षेत्रात आहे, कंपनी सांगत नाही.

पॉलिसीत 'बाह्य जन्मजात दोष' आणि 'अंतर्गत जन्मजात दोष' अशी विभागणी असते. पिशवीचा पडदा अंतर्गत. बऱ्याच पॉलिसी बाह्य दोष वगळतात. अंतर्गत दोषाला सहसा प्रतीक्षाकाळानंतर संरक्षण असतं. पण वंध्यत्वावरचे उपचार जवळपास सगळीकडे वगळलेले असतात. त्यामुळे डॉक्टरांच्या कागदावर कारण काय लिहिलंय यावर क्लेम उभा राहतो किंवा पडतो. वारंवार गर्भपात आणि गर्भाशयाचा जन्मजात दोष ही खरी परिस्थिती असेल तर कागदावर तीच लिहिलेली असावी, सवयीने 'इन्फर्टिलिटी' असा शिक्का नको. खोटं लिहून घ्या असं म्हणत नाहीये. आणि प्री-ऑथरायझेशन (विमा कंपनीची पूर्वमंजुरी) आधी घ्या, ऑपरेशननंतर भांडण्यात दम निघतो.

उंबरठा

नोकरीवाल्यांसाठी भर. मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा आहे, दवाखान्याचा दाखला द्यावा लागतो. गरोदरपणामुळे किंवा गर्भपातामुळे आजारपण आलं तर आणखी एक महिना मिळतो. २६ आठवड्यांची प्रसूती रजा सगळ्यांना ठाऊक असते, ही रजा एचआरलासुद्धा ठाऊक नसते. मी दुसऱ्या गर्भपातानंतर सोमवारी ऑफिसला हजर होते, चार दिवसांची सिक लीव्ह टाकून.

चांदणवेल

सगळ्यांचे आभार, एकेकीला उत्तर देता आलं नाही. ऑपरेशनची नोंद मिळाली : कात्रीने कापला, पोटातून दुर्बिणीची नजर होती, भोक नाही, ५ मिमी उरलाय. घराजवळच्या डॉक्टरांना ते दाखवलं. आधी भुवया वर गेल्या, मग वाचून म्हणाल्या, बरं, मग बघू नॉर्मलचं. किडन्या दोन्ही जागेवर आहेत.

अबोली०७

शाब्बास! कळव गं.

चांदणवेल

धागा वर काढतेय. मधल्या काळात बरंच घडलं.

दिवस राहिले. पहिले काही आठवडे मी सतत बाथरूममध्ये जाऊन डाग दिसतोय का बघत होते, त्याबद्दल काय लिहायचं. मागच्या वेळी जिथे थांबलं होतं तो आठवडा गेला. १२ व्या आठवड्यातली एनटी स्कॅन नीट, विसाव्यातली अ‍ॅनोमली स्कॅनही नीट. पिशवीच्या तोंडाची लांबी दर दोन आठवड्यांनी मोजताहेत, शेवटची ३४ मिमी, म्हणून टाका घातला नाही. दर वेळी तो फॉर्म एफ भरून सही करायची की आम्हाला मुलगा-मुलगी जाणून घ्यायचं नाही. मला तर खरंच नाही, फक्त ठोके ऐकवा.

आता नवीन प्रश्न. आमच्याकडे सातव्यात ओटीभरण करून माहेरी जातात. माहेर आडगावात, तालुक्याच्या गावापासूनही बरंच आत. आई फार वाट बघतेय. जाऊ का? आणि वार मागच्या भिंतीवर, वरच्या बाजूला आहे असं लिहिलंय, ते चांगलं ना?

गारवेल

अभिनंदन!! मी ३७ व्या आठवड्यात बाळंत होऊन मोकळी झाले, मुलगी. पायाळू होती म्हणून सिझर, पडद्यामुळे नाही.

मीनाक्षी_काकू

औक्षवंत व्हा दोघंही. ओटी तुझ्या घरीच भरा, आईला म्हणावं तूच ये. आमच्या वेळी बाळंतपण माहेरीच हा हट्ट होता, पण तेव्हा सासरी तरी कुठे काही सोय होती.

डॉ_बाभूळ

अभिनंदन. वार वर आहे हे चांगलं. पडदा काढलेल्या जागेवर वार भिंतीत रुतल्याची उदाहरणं अधूनमधून वाचनात येतात, म्हणून पुढच्या सोनोग्राफीत रेडिओलॉजिस्टना ऑपरेशनचं आठवणीने सांगा आणि तिकडे बघायला लावा. त्यांना कुणी सांगत नाही, कागदावर नुसतं 'ग्रोथ स्कॅन' एवढंच लिहिलेलं असतं.

माहेराबद्दल. पडदा काढल्यावरसुद्धा वेळेआधी कळा येण्याची शक्यता धरूनच चालायचं. त्यामुळे २८ आठवड्यांनंतर जिथे राहाल तिथून नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी जवळ हवी, आणि रात्री दोन वाजता सिझर करता येईल असा भूलतज्ज्ञ हवा. तुमच्या माहेरी हे तीनही नसेल तर जाऊ नका. ओटीभरणासाठी दिवसभर जाऊन परत यायला हरकत नाही, रस्ता बरा असेल तर.

काही झालं तर दवाखान्यात लगेच जायच्या गोष्टी लिहून फ्रिजवर लावा : न थांबणारं एकाच जागी जोरात दुखणं, रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. अशा वेळी घराजवळच्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावून वेळ घालवू नका, सरळ नाव घातलंय तिथे. ऑपरेशनच्या नोंदीची एक झेरॉक्स पर्समध्ये ठेवा, ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तुमची फाइल रात्री सापडेलच असं नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन २८ व्या आठवड्यात, ते आधीच्या दोन्ही वेळी दिलं होतं का तेही बघून ठेवा.

चांदणवेल

गट बी पॉझिटिव्ह. झेरॉक्स काढली, एक नवऱ्याच्या पाकिटातही ठेवली, त्याला तेवढं काम दिलंय. आईशी बोलले. आधी रुसली, मग म्हणाली, तुझ्या स्वयंपाकघरात मला माझ्या पद्धतीने डिंकाचे लाडू करू देणार असलात तरच येते. सासूबाईंनी ऐकलंय, अजून काही बोलल्या नाहीत.

कुंतल

आता याच्यासाठी वेगळा धागा काढ.